कोपऱ्याचा तुकडा

ओव्हनने नेमका रविवारी जीव सोडला, आणि तोही ओट्सवर दूध ओतून झाल्यावर.

तिने प्लग काढून परत लावला, बटण फिरवलं, शेवटी एक चापटही मारली. आतला दिवा मात्र शहाण्यासारखा जळत होता. ओव्हन ढिम्म गार. ओट्यावर काचेचं चौकोनी भांडं तयार होतं. तळाशी केळ्याचे काप, त्यावर जाडे ओट्स, दालचिनी, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ; वरून दूध, अंडं आणि मध फेटून ओतलेलं, आणि सगळ्यात वर सफरचंदाच्या फोडी. अशा गोष्टी थांबत नाहीत. जरा ताटकळत ठेवलं की सगळ्याचा लगदा होतो.

ती रुग्णालयात रक्ताचे नमुने घ्यायची. लोक उपाशीपोटी येतात, म्हणून तिची ड्यूटी उजाडायच्या आत सुरू. इमारतीतले सगळे तिला सुईताई म्हणायचे. रविवारी एकदा भाजायचं, तुकडे पाडून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि आठवडाभर सकाळी एक उचलून चालू लागायचं, अशी तिची पद्धत होती. त्या तुकड्यांपायी तिने ठरलेलं लग्न मोडलं होतं, हे खोटं नाही. होणारा नवरा म्हणाला होता, "आमच्याकडे शिळं चालत नाही. सकाळी ताजं लागतं."

"करतं कोण?"

"आई."

"आणि आईला होईनासं झालं की?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. दुकानात नवा फ्रिज बघावा, तसं. तिने अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि घरी आली. नातेवाईक म्हणाले, नाश्त्यावरून कुणी लग्न मोडतं का? ती म्हणाली, "मोडतं. मी मोडलं ना."

तर अशी ही बाई भांडं छातीशी धरून समोरच्या दारात उभी राहिली आणि कोपराने बेल दाबली.

दार उघडणाऱ्याच्या एका गालावर साबणाचा फेस होता, दुसरा गाल गुळगुळीत. हा बसचा ड्रायव्हर. जिन्यात दोन-चारदा दिसला होता, पण तेवढंच.

"तुमच्याकडे ओव्हन आहे?"

"आहे." तो भांड्याकडे बघत राहिला. "म्हणजे... आहे."

"चालतो?"

"कधी लावून बघितला नाही. मी त्यात टोप्या ठेवतो."

"टोप्या?"

"युनिफॉर्मच्या. धूळ बसत नाही."

ती आत शिरली. त्याने ओव्हनमधून एकेक टोपी काढून खुर्चीवर रचली. तिने आतून ओलं फडकं फिरवलं, बटण फिरवलं आणि हात आत घालून पाहिलं. ऊब येत होती. ड्रायव्हर अर्ध्या फेसानिशी तसाच उभा होता.

"तुम्ही दाढी उरका," ती म्हणाली. "मी काही चोरून नेत नाही. टोप्या तर नाहीच नाही."

तो दाढी करून आला तोवर दालचिनीचा वास बाहेरच्या खोलीत पोचला होता. त्याने दोनदा नाक वर केलं आणि मग उगीच खिडकी पुसायला लागला.

"हे... काय आहे?"

"नाश्ता. आठवड्याचा."

"सगळा आजच?"

"सकाळी मी कुणाचं तोंड बघत नाही. गॅसचंसुद्धा नाही. तुम्ही काय खाता?"

"पहिली फेरी माझी असते. काही नाही खात. पोटातला आवाज इंजिनात मिसळून जातो, प्रवाशांना कळत नाही."

"म्हणजे रोज उपाशीपोटी. या मग, रक्त घेते."

"मला सुईची भीती वाटते."

हे त्याने इतकं सरळ सांगितलं, की तिला हसू आलं. एवढी मोठी बस वळवणारा माणूस! आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर लाजबिज काही नव्हती. तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. कानामागे थोडा फेस राहिला होता. सांगावं का?... नाही सांगितलं.

भांडं बाहेर आलं. वरून तांबूस, कडेने खरपूस, मधोमध बोट लावलं तर स्पंजासारखं. तो लगेच सुरी घेऊन आला.

"गार होऊ दे. आत्ता कापलं तर भुगा होईल."

"भुगा खाईन मी."

"थांबा म्हटलं ना."

तो थांबला. हाताची घडी घालून, शाळेत उभं केल्यासारखा. शेवटी तिने तुकडे पाडले, आणि तिच्या आधी त्याने कोपऱ्याचा उचलला.

"अहो, कोपरा माझा असतो. तो कुरकुरीत होतो."

"ओव्हन माझा आहे."

तिने उरलेले तिन्ही कोपरे पटकन आपल्याकडे ओढले.

पुढचे रविवार असेच गेले. ती सामान घेऊन यायची, तो टोप्या हलवायचा. फळं तो आणू लागला, आणि काहीही आणायचा. एकदा नाशपाती आणल्या, त्या झकास लागल्या. एकदा कलिंगड आणलं. "हे घातलं तर खाली नळ लावावा लागेल," ती म्हणाली, आणि दोघांनी कलिंगड तसंच खाल्लं, बिया खिडकीतल्या कुंडीत टाकत. कोपऱ्यांवरून दर वेळी भांडण व्हायचं. ते दोघांनाही हवं होतं, आणि दोघंही तसं दाखवत नव्हते.

त्याची बस रुग्णालयावरून जायची. एका सकाळी बारीक पाऊस होता. ती रस्ता ओलांडायला उभी होती आणि सिग्नलला तो थांबला होता. काचेवर वायपर फिरत होता, आणि वायपरच्या मागे त्याने डबा वर करून दाखवला. झाकण उघडून. आत कोपऱ्याचा तुकडा. म्हणजे रविवारी लपवून ठेवला होता तर... सिग्नल सुटला. ती भिजत तिथेच उभी राहिली आणि त्या दिवशी पहिल्या तीन पेशंटांनी तिला विचारलं, सिस्टर, आज फार खूश दिसताय?

तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला की बहीण विचारायची, "ओव्हन दुरुस्त केलास का गं?"

"माणूस मिळत नाही."

माणूस केव्हाच मिळाला होता. इलेक्ट्रिशियन आला, नवी कॉइल बसवून गेला, ओव्हन उत्तम चालत होता. तिने त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकून फुलदाणी ठेवली होती.

मग ड्रायव्हरची आई राहायला आली.

बाई वाईट नव्हत्या. स्वच्छ नेसलेल्या, हाताला सतत काम लागणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी टोप्यांना ब्रश मारला होता. रविवारी ती भांडं घेऊन गेली तेव्हा त्यांनी फ्रिजमधला मागच्या आठवड्यातला उरलेला तुकडा चाखून पाहिला.

"शिळं आहे," त्या म्हणाल्या. "पण बरं आहे हो."

"आठवडाभर टिकतं," ती म्हणाली आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं.

"टिकत असेल. पण लग्नानंतर याला सकाळी गरम करून देत जा. दगदगीचं काम आहे त्याचं."

लग्न हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. एरवी तिने तो मनात कितीदा तरी घोळवला असता. पण तिचं लक्ष त्या शब्दाकडे नव्हतंच. ती ड्रायव्हरकडे बघत होती.

तो हसला. छान, मोकळं, गुळगुळीत गालांनी हसला.

"आणि मला कोण देणार?" तिने विचारलं.

"काय?" तो म्हणाला.

"गरम. सकाळी. माझी ड्यूटीही तुमच्या पहिल्या फेरीच्याच वेळी असते. मला कोण देणार?"

त्याच्या आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे. तो अजून अर्धवट हसत होता. कुठे थांबायचं ते न कळलेल्या माणसासारखा. "आई आपली... म्हणाली," तो म्हणाला. "त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं! हे वाक्य ज्याने शोधून काढलं, त्याला आयुष्यात कधी स्वतःचा डबा भरावा लागला नसणार. तिने ओव्हन बंद केला, त्याचे जाड हातमोजे चढवले, अर्धं कच्चं भांडं बाहेर ओढलं आणि आपल्या दारात आली. दार पायाने लावलं.

स्वतःच्या चालत्या ओव्हनमध्ये ते सहज पुन्हा भाजता आलं असतं. पण टेबलक्लॉथ काढायला तिचा हात धजेना. तो आठवडा तिने तो अर्धकच्चा लगदा चमच्याने खाल्ला. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होती. तिने एकही दिवस सोडला नाही. हट्टी माणसं अशीच जेवतात.

सिग्नलवर बस दिसली की ती दुसऱ्या बाजूने जायची. तिला रडायला येत नव्हतं, राग येत होता, आणि रागाच्या खाली जे होतं ते आणखी वाईट होतं. हा माणूस तिला हवा होता. पहिल्या वेळी अंगठी काढताना बोटाला काही झालं नव्हतं. या वेळी अंगठीच नव्हती, तरी दुखत होतं.

रविवारी सकाळी जिन्यात दालचिनीचा वास आला. मग जळका. मग परत दालचिनीचा. आणि मग तिच्या दारावर कुणीतरी पायाने ठोठावलं.

"सुईताई, दार उघडा."

"कशाला?"

"हात भाजतोय. हातमोजे तुमच्याकडे राहिलेत."

तिने दाराच्या भिंगातून पाहिलं. युनिफॉर्मच्या शर्टात गुंडाळलेलं एक गोल भांडं घेऊन तो या हातातून त्या हातात करत होता.

"आधी बोला," ती दाराआडून म्हणाली.

"भाजतोय हो खरंच."

"मग भराभर बोला."

"मी हसलो, ते चुकलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मला कळलं नव्हतं. नंतर आईला म्हटलं, माझ्यासाठी सकाळी कुणी उठायचं नाही. मला वाटलं, ती चिडेल." भांडं या हातातून त्या हातात गेलं. "ती म्हणाली, मी इतकी वर्षं उठले, तेव्हा एकदा तरी विचारलंस का, आई तू काय खाल्लंस? मला आठवेना. खरंच आठवेना. ती काय खायची ते मला माहीतच नाही."

दाराच्या या बाजूला तिने कडी काढली.

"मग हे तिला भाजून खायला घातलं. पहिलं जळालं. हे दुसरं. ती म्हणाली, मीठ विसरलास... उघडता का आता? फोड आला तर उद्या स्टिअरिंग कसं धरू?"

तिने दार उघडलं. भांडं ओट्यावर टेकवून त्याने बोटं नळाखाली धरली. तिने ती हातात धरून फुंकर घातली, मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन हात सोडले. बोटं मात्र त्याने मागे घेतली नाहीत.

"मला रोज सकाळी तुमच्याकडून काहीच नको," तो म्हणाला. "रविवार तेवढा हवाय. दर रविवार. कापायचं मी शिकेन, फळं मी आणतोच आहे."

"कलिंगड नाही."

"कलिंगड नाही." मग त्याने फुलदाणीकडे मान हलवली. "आणि तुमचा ओव्हन चालतो, हे मला केव्हापासून माहीत आहे. तो इलेक्ट्रिशियन माझ्याच बसने आला होता. कॉइल मांडीवर घेऊन बसला होता, पत्ता मलाच विचारला."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग बोलला का नाहीत?"

"टोप्या परत आत ठेवायला लागल्या असत्या."

तिने मान खाली घालून भांड्याकडे पाहिलं. गोल भांडं, मधोमध फुगलेलं, एका बाजूला काळपट, कडेचा आईंचा घास गेलेला. सफरचंदाच्या फोडी इतक्या जाड, की बाहेर डोकावत होत्या. तिने सुरीने कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मीठ नव्हतं. दालचिनी दोघांपुरती नाही, अख्ख्या बसला पुरेल इतकी. तिने आणखी एक तुकडा मोडला.

"याला कोपरे नाहीत," ती म्हणाली.

"मुद्दाम. भांडण नको म्हणून."

"मला भांडण हवंय." तिने ओव्हनवरची फुलदाणी उचलून बाजूला ठेवली, टेबलक्लॉथ ओढला आणि आपलं चौकोनी भांडं त्याच्या हातात दिलं. "पुढच्या रविवारी यात कर. मीठ घालून. आणि आईंना विचारून ये, त्यांना कुठलं फळ आवडतं."