सौमूचं वजन

आमच्या किनाऱ्यावरच्या विमानतळावर माझं काम सोपं. नैरोबीचं विमान बारा माणसांचं, म्हणून सामानाबरोबर माणसंही काट्यावर चढवायची आणि आकडा पायलटच्या कागदावर लिहायचा. जाडजूड बाया लाजायच्या. मी म्हणायचो, मावशी, सकाळच्या महाम्री, त्या गोड पुऱ्या, जरा कमी तळा. एवढीच काय ती करमणूक.

मागच्या वर्षी भर दुपारी एक म्हातारा खलाशी काट्यावर उभा राहिला, आणि काटा शून्यावरच. उतरवलं, पुन्हा चढवलं. शून्य. त्याच्यामागची बाई मात्र बरोबर भरली. मी त्याच्या नावापुढे अंदाजाने साठ लिहून मोकळा झालो. विमान नैरोबीला उतरलं तेव्हा तो बसल्या जागी गेलेला होता. मी कुणाकडे ब्र काढला नाही. नोकरी घालवायची हौस कुणाला असते?

आता ऐका. माझी बायको सौमू. तिच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. चार महिने वाट बघून नैरोबीला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. ती चुकली तर पुढच्या तारखेपर्यंत तग धरण्याइतका दम तिच्यात नव्हता. त्या सकाळी नव्या कांग्याचं रंगीत कापड अंगाभोवती गुंडाळून ती माझ्याच काट्यावर चढली. समुद्राकडून सडक्या शेवाळाचा वास येत होता. मी खाली पाहिलं. काटा जागचा हलला नव्हता.

"अहो, किती भरलं?"

"उतर... आज जायचं नाही."

"वेड लागलंय का तुम्हाला? माझी तारीख..."

मी दंड धरून तिला खाली ओढलं. ती रडली, चारचौघांत मला नाही नाही ते बोलली. विमान तिच्याशिवाय गेलं आणि सुखरूप उतरलं. नवव्या दिवशी सौमू घरीच वारली. मीच मारलं तिला, की काट्यावर होती तेव्हाच ती... डोकं फुटायची वेळ येते, पण कळत नाही.

त्या नऊ दिवसांत तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकलं नव्हतं. नुसती हाडं उरली होती. जनाजा उचलायला चौघे वाकले, तो जमिनीवरून सुटेना. सहा लागले, मग आठ. वाळूत आमचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते. शेजारचे कोम्बोबाबा माझ्या मागे खांदा देत होते. ते धापा टाकत माझ्या कानाशी कुजबुजले, "शोमारी... आत आणखी कोण आहे?"

तिला मी माझ्या हातांनी आत निजवलं होतं. एकटीला.