सात वर्सांची बाटली

"अवं दुकानदार, ह्ये नासलंय का बघा बरं!"

कुंडलिकनं मान वर केली, आणि वरच राहिली. टपोरे डोळे, कपाळावर घामाचे थेंब, हातात निळी बाटली. बाटलीवर मडमेचं चित्र.

खरं तर तो दुकानदार नव्हताच. भोंगवलीहून नसरापूरच्या बाजारात मिरच्या विकायला आलेला साधा गडी. अत्तरवाले चाचा नमाजाला गेले होते आणि जाताना "जरा बस रे" म्हणून त्याला पालाखाली बसवून गेले होते.

"किती जुनं हाय?" त्यानं विचारलं.

"सात वर्सं झाली. आबांनी माझ्या लग्नासाठी आनलं."

"मंग... झालं का लगीन?"

"कशाचं! मुलगी बघायला पावनं आलं की आत्या त्यांच्या मनगटाला बोट-बोट लावती. बारा पावनं झालं. बाटली निम्मी झाली, ही साळू हाय तिथंच हाय." ती हसली. "आत्या म्हनती, वास बिघडलाय म्हनून सोयरीक मोडती. ती बगा, बांगड्या भरतीया. मला म्हनली, दुकानदाराला इचारून ये."

कुंडलिकनं बूच काढलं, बाटली नाकाला लावली. काही नाही! चार दिवस सर्दीनं नाक गच्च चोंदलं होतं. पण त्या डोळ्यांपुढं 'मला सर्दी झालीया' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यानं पुन्हा हुंगलं. डोळे मिटले. मान डोलावली.

"फस्क्लास! मुरलंय. अत्तर जुनं तेवढं झ्याक."

ती त्याच्याकडं बघतच राहिली... जरा जास्तच वेळ.

"बरं झालं. परवा वेल्ह्याचं पावनं सुपारी फोडाय येनार हायेत, त्यास्नी ह्येच लावू. मार्गासनीत आमच्या आबांचं, ज्ञानोबाचं घर कुनीबी दावंल—" ती जीभ चावून थांबली. "तुमाला कशाला सांगत बसले मी!"

आणि पदर सावरत गेलीसुद्धा.

चाचा आले. कुंडलिकनं मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. चाचांनी कपाळावर हात मारला.

"अरे कंबख्त! निळी बाटली, मडमेचं चित्र? ते विलायती सेंट. तीन-चार वर्सं टिकलं तर नशीब. चंदनाच्या तेलातलं अत्तर असतं, गच्च बूच लावून अंधारात ठेवलं असतं, तर मुरलं असतं. ह्ये बारा वेळा उघडलेलं! आता आंबून त्याचा बोकड झाला असंल."

कुंडलिकला घास गोड लागेना. वास सुटला तर पोरीची चारचौघांत शोभा होणार, आणि नाही सुटला तर... तर ती वेल्ह्याला जाणार! काय व्हावं म्हणून देवाला हात जोडावेत, हेच त्याला कळेना. तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच तो मार्गासनीची वाट तुडवायला लागला. दर मैलाला वाटायचं परत फिरावं. पाय मात्र ऐकत नव्हते.

दारात पोचला तेव्हा धोंडाबाई आत्या शेवटच्या पाव्हण्याच्या मनगटाला बोट लावत होती. उशीर झाला! त्यानं हुंगून बघितलं, नाक बंदच. मग तो पाव्हण्यांच्या नाकांकडं बघत बसला.

नवऱ्याच्या मामानं मनगट नाकाशी नेलं, आणि फेटा काढून तोंडाला लावला. नवऱ्यानं हात खांबाला पुसला, मग धोतराला, मग जवळच बांधलेल्या बैलाच्या पाठीला. बैलानं एकदा फुस्स केलं, दावं तोडलं आणि सुपारीच्या ताटात पाय देत तो थेट रस्त्याला लागला.

"आमची म्हस आज व्यायाची हाय," नवऱ्याचा बाप घाईनं म्हणाला, "इसरलोच व्हतो!" आणि सगळे पाव्हणे बैलाच्या मागोमाग गेले. ज्ञानोबा आणि आत्या त्यांच्या मागं धावले.

अंगणात उरले कुंडलिक आणि उंबऱ्यावरची साळू.

"म्या घात केला तुमचा," तो उंबऱ्याजवळ जाऊन म्हणाला. "म्या दुकानदार न्हाई. नाकबी धड न्हाई. सर्दी झालीया मला. तुमच्याकडं बघितलं अन्... खरं बोलवलंच न्हाई."

"ठावं हाय."

"आं?"

"नाकाचा शेंडा गाजरावानी लाल झाला व्हता की तुमचा! अन् मला काय नाक न्हाई व्हय? बूच उघडलं की माझंच डोकं भनभनतं."

"मंग बोलला का न्हाई?"

"तुमी नासलंय म्हनला असता तर आत्यानं तितंच नवी बाटली घेतली असती. अन् मी गेले असते त्या चाळिशीच्या बिजवराच्या घरी." तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "तुमी फस्क्लास म्हनला... तवा वाटलं, ह्यो गडी आपल्याच बाजूचा दिसतोय."

कुंडलिकला जोरात शिंक आली. नशीब, नाही तर तो रडलाच असता.

ज्ञानोबा घामाघूम होऊन परत आले, बैल घेऊन, पाव्हणे न घेता. "तुमी कोन?"

"म्या... भोंगवलीचा कुंडलिक. मिरच्या असत्यात आमच्या."

"असूं द्या मिरच्या," आत्या मागनं येत ओरडली. "पंधरा मानसांच्या पोळ्या केल्यात, त्या काय बैलाला घालू? बसवा त्याला पानावर!"

कुंडलिक बसला. ज्ञानोबा समोर बसून गाव, भाऊबंद, देवक, सगळं खोदून-खोदून विचारायला लागले. प्रत्येक उत्तराला त्यांची मान हलत होती. होय म्हणून की नाही म्हणून, तेच कुंडलिकला समजेना.

"आडनाव आपल्यातलंच दिसतंय," ज्ञानोबा शेवटी पुटपुटले. "सोयरं कुनाचं तुमी?"

"आजून... कुनाचंच न्हाई."

आत बांगड्या किणकिणल्या. साळू तुपाची वाटी घेऊन दारात आली, खाली बघत.

"आबा, तूप वाढू का," ती म्हणाली, "...आपल्या पावन्यास्नी?"