दहा मिनिटं उकळा

तुम्ही मारलंत त्या दोन पोरांना. एका पानाचं परिपत्रक काढलंत, त्यावर सही ठोकलीत, आणि आता तोंड वर करून विचारता की भात कुणी वाढला?

भात कौसाबाईने वाढला. ती कुठे नाही म्हणतेय?

बोरदऱ्याच्या शाळेत तिने एकोणीस वर्षं पोरांसाठी रांधलं. रीत अशी होती की रांधणारीने पोरांच्या आधी अर्धा तास स्वतः चार घास खायचे. मग जंतुकाडी आली. लाटण्याएवढी पोलादी काडी. अन्नात खुपसली की जिवंत जंतू जे वायू सोडतात ते तिचं टोक हुंगायचं आणि मिनिटभरात मुठीवर दिवा लागायचा. हिरवा लागला की वाढा, तांबडा लागला की थांबा. पटकी, हगवण, टायफॉइड, सगळ्यांचे जंतू तिला कळायचे. कौसाबाई हसून म्हणायची, सासू गेल्यापासून माझ्या पातेल्याला नाक लावणारं कुणी उरलं नव्हतं, सरकारनं बघा पोलादाची धाडली.

पण काडीमागोमाग चव घेण्यावर बंदी आली, कारण माणसाच्या तोंडात जंतू असतात. मग चूलच विझली. भात तालुक्याच्या मोठ्या स्वयंपाकघरातून बंद डब्यांत यायला लागला. एवढी काडी हाताशी असताना भीती कसली?

त्या मंगळवारी डबे पहाटे चारला भरले. पूल खचलेला, त्यामुळे गाडी वळसा घालून अकराला पोहोचली. कौसाबाईने झाकण काढलं. भात कोमट होता, बोटांना बुळबुळीत लागला. काडी खुपसली तर तांबडा दिवा. तिने मुख्याध्यापक खडके सरांना सांगितलं, हा उकिरड्यावर टाकू. सरांनी परिपत्रक काढून वाचून दाखवलं. तांबडा दिवा लागल्यास अन्न दहा मिनिटे उकळून पुन्हा तपासावे. हिरवा आल्यास अन्न वाया घालवू नये.

"सर, तार सुटलीय ह्याला. घरी असता तर म्हशीपुढं टाकला नसता."

"मावशी, तुमची बोटं मोठी की यंत्र? हिरवा आला की आपण मोकळे."

खडके सर काही दुष्ट नव्हते. ताटल्या घेऊन बसलेल्या पोरांतली निम्मी सकाळी नुसत्या चहावर आलेली, हे त्यांना ठाऊक होतं. कौसाबाईने उकळण्यापुरत्या ठेवलेल्या शेगडीवर पाणी, हळद, मीठ घालून भात रटरटा उकळला. दिवा हिरवा झाला. सत्तावन्न पोरांनी खाल्ला. चौथीतल्या ऋतुजाने दोनदा मागून घेतला.

एक वाजायच्या आत पहिली उलटी झाली. दोनपर्यंत व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकीची पोरं दोन दिवसांत उठून बसली. ऋतुजाचं यकृत निकामी झालं आणि ती तिसऱ्या दिवशी गेली. दुसरीतला आर्यन तिच्या आदल्या दिवशीच गेला होता.

ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टर नाझनीन यांनी कौसाबाईला बाकावर बसवून समजावलं. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. शिजवूनही ते टिकतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. पुन्हा उकळल्यावर जंतू मरतात, विष मात्र तासभर उकळलं तरी जात नाही. काडीला कळतात ते फक्त जिवंत जंतू.

"म्हंजे मारेकरी मी मारले," कौसाबाई म्हणाली, "आणि विष पोरांना वाढलं."

मग कौसाबाईने विचारलं, हे आत्ताच सापडलंय का? नाही, डॉक्टर म्हणाल्या, आमच्या पुस्तकात कधीपासून आहे.

आठवड्याने चौकशीचे साहेब आले. जबाब टाइप करूनच आणला होता. काडीच्या स्मृतीत शेवटचाच निकाल राहतो, आणि तो हिरवा होता. म्हणजे तपासणीच्या वेळी अन्न शुद्ध होतं. म्हणजे ते नंतर नासलं, स्वयंपाकिणीच्या अस्वच्छ हातांनी. खाली अंगठ्यासाठी चौकट.

खडके सरांची सही आधीच झाली होती. खाली बघत ते म्हणाले, "द्या अंगठा मावशी. नोकरी जाण्यावर भागेल, पोलीस येणार नाहीत."

कौसाबाईने जबाब पुन्हा वाचायला लावला. सगळा ऐकून घेतला. मग म्हणाली, हात अस्वच्छ नव्हते. त्या हातांना भात नासलेला कळला होता आणि मी त्यांचं ऐकलं नाही. हा माझा गुन्हा लिहा, अंगठा देते. साहेब म्हणाले, तशी चौकट नाही. तिने परिपत्रकाचं विचारलं. ते रद्द झालं का? साहेब म्हणाले, तो विषय चौकशीच्या कक्षेत येत नाही.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. जिल्हाभरच्या शाळांत आत्ता डब्यांची झाकणं निघत असतील.

कौसाबाईने शाईचा डबा बाजूला सारला.

"कक्षा राहू द्या, साहेब. आज कुठल्या शाळेत तांबडा लागला, तर तिथल्या बाईनं तो भात उकळून वाढायचा का? हो की नाही, एवढं सांगा. मग हवा तिथं अंगठा घ्या."