जादा पान

'पंगत' हा आमचा मुलांचा कार्यक्रम गेल्या रविवारी संपला आणि सगळे हात धुऊन घरी गेले. आता हे झालंच नाही असं धरून चालू.

मी शौनक. कर्जतच्या एका केबल वाहिनीत संकलक, कॅमेरामन आणि चहावाला. भिसेगावात झेरॉक्सच्या दुकानावर आमचा स्टुडिओ आहे. तीस वर्षं दर रविवारी कुठल्यातरी गावची मुलं ओळीत जेवायला बसायची, गप्पा मारायची, आणि उमाताई पंगतीच्या एका टोकाला बसून त्यांना बोलतं करायच्या. दुसऱ्या टोकाला एक पान जादा मांडलेलं असायचं, घरी टीव्हीसमोर बसलेल्या मुलासाठी. "बस रे बाळा, हे तुझं," असं उमाताई कॅमेऱ्यात बघून म्हणायच्या. नियम घरोघरी असतो तोच: शेवटच्याचं होईपर्यंत पंगत उठत नाही.

कार्यक्रम बंद करायचं ठरलं, कारण मुलं मोबाइलवर गेली. मला मालक म्हणाले, तीस वर्षांचा इतिहास अर्ध्या तासात बसव. मी टेप बघत बसलो. हजारो मुलांना पुरी-भाजी खाताना बघून माणसाची भूक कायमची जाते.

पहिल्या टेपांत जादा पानावरची पुरी शेवटी नसायची. मी कुत्र्यावर संशय घेतला. पुढे त्या पानाशेजारची रिकामी जागा रुंदावत गेली. मुलांना कुणी सांगत नव्हतं, तीच आपापली पलीकडे सरकायची. अलीकडच्या टेपांत तिथे मोठा माणूस ऐसपैस मांडी घालून बसेल एवढी जागा होती.

उमाताईंना विचारलं तेव्हा त्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"मुलं वाढतातच रे," त्या म्हणाल्या.

मग दमल्या आवाजात सांगितलं, की चित्रण झालं की त्या मुलांना उठवायच्या आणि स्वतः बसून राहायच्या, पंगत मोडू नये म्हणून. पूर्वी जादा पानावरच्याचं लगेच व्हायचं. हल्ली संध्याकाळ होते.

"एकदा तरी सगळ्यांबरोबर उठायचंय मला," त्या म्हणाल्या.

शेवटची पंगत खालापूरच्या एका हॉलमध्ये ठेवली, कारण पहिली तिथेच झाली होती. पळसदरीजवळच्या वाडीतली मुलं टेंपोतून आली. जादा पानाशेजारी रूपाली बसली, दुसरीतली. दुपारची वेळ, पंखे बंद, पानांवर गोड शिरा.

"सगळ्यांचं झालं का?" उमाताईंनी विचारलं.

झालं, म्हणून सगळी ओरडली. रूपालीनं शेजारी बघितलं.

"यांचं नाय झालं."

तीस वर्षं ज्याला बाळा म्हणत होतो, त्याला पोरीनं बघून आदरार्थी बहुवचन लावलं.

उमाताई डोळे मिटून म्हणाल्या, तुम्ही उठा, मी बसते. मुलं उठली. रूपाली उठली नाही.

"चल गं, टेंपो सुटंल," तिची आई चिंधी दारातून म्हणाली.

"फ्रॉक धरलाय," रूपाली म्हणाली. रडत नव्हती, नुसती माहिती देत होती.

मी झूम केलं. फ्रॉकचा कोपरा रिकाम्या जागेकडे ताणलेला होता. कापडावर मुठीत धरल्यासारख्या चुण्या होत्या. मूठ नव्हती.

उमाताई उठायला गेल्या. गुडघ्यांनी ऐकलं नाही.

मी कॅमेरा ठेवला आणि रूपालीला खेटून बसलो.

"अहो, मी बसतो," मी म्हणालो. "तिला सोडा."

चुण्या सुटल्या. चिंधीनं पोरीला उचललं आणि मागे न बघता गेली.

माझ्या डाव्या बाहीवर चुण्या पडल्या.

उमाताई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. हात धुतले. मुलांच्या मागोमाग दाराबाहेर गेल्या.

उजवा हात मोकळा असल्यानं खालील मजकूर मोबाइलवर टाइप करता येतोय.

मा. संबंधित अधिकारी, खालापूर, यांस सविनय विनंती की, अर्जदाराच्या डावीकडील इसमांचे जेवण पूर्ण झाल्याचे शासनस्तरावरून घोषित करावे व अर्जदारास पंगतीतून उठण्याची लेखी परवानगी मिळावी. शिरा संपला असून त्यांनी आपले रिकामे पान अर्जदाराच्या धरलेल्या डाव्या हाताखाली सरकवले आहे, याची कृपया नोंद व्हावी.