मधल्या माडाची खुंटी

हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. घडलं ते आमच्याच अंगणात घडलं, आणि ज्यांच्या हातून घडलं ते माझे वडील होते. स्वतःच्या बापाबद्दल असलं काही कुणी मनानं रचत नाही.

भुतं रात्री बारा वाजता येतात असं सगळे म्हणतात. आमच्याकडचं संध्याकाळी साडेपाचला येतं. चांगला उजेड असतो. चुलीवर भात असतो.

बेरू, भर महासागरातलं छोटं बेट. उत्तर टोकाचं आमचं गाव. सप्टेंबर २००९, पहिला मंगळवार.

त्या संध्याकाळी माझे मोठे काका, मिकाएरे, मधल्या माडावरून पडले.

काका एकवीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. दोन-तीन वर्षांतून एकदा यायचे, महिनाभर राहायचे, की पुन्हा चालले. माझे बाबा, तेऊआ, धाकटे. ते इथेच राहिले. आजीला सांभाळलं, अळूचे खड्डे सांभाळले, आणि रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढून, पोय म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा कापून, नीरा उतरवली. मधला माड आजोबांचा. आजोबांनंतर तो थोरल्याचा. पण थोरला दर्यावर, म्हणून एकवीस वर्षं त्याला हात बाबांचा होता.

मग काका कायमचे परत आले.

गावाच्या सभाघरात प्रत्येक घराची जागा ठरलेली असते. पुढे थोरला, मागे धाकटा. काका आले त्या दिवशी बाबा एक चटई मागे सरकले.

  रीतच ती. पण बाबांनी मला पुढे सांगितलं, "पोरी, एक चटई म्हणजे किती गं? दीड हात. पण ते दीड हात माझ्या काळजातून गेले."

काका माणूस भला होता. चहात डब्यातलं घट्ट गोड दूध इतकं घालायचे की चमचा उभा राहावा. जमिनीवर चालताना पाय फाकून चालायचे, अजून बोट हलतेय अशा बेतानं. मी तेव्हा आठ वर्षांची. मला सुंभाची एक गाठ करून दाखवायचे, जहाजावरची. दोन वळसे, मग एक उलटा. मी शिकायच्या आत सोडून टाकायचे.

"पुन्हा दाखवा ना, काका."

"उद्या. मी कुठे जातोय आता?"

पुरुष मंडळी मात्र त्यांना सोडत नव्हती. आमच्याकडे ज्याला माडावर चढता येत नाही त्याला कुणी धड पुरुष म्हणत नाही.

"काय मिकाएरे, माडाला कठडा लावून देऊ का?"

"शिट्टी वाजवली की नीरा आपोआप खाली येते वाटतं बोटीवर!"

काकाही हसायचे. एक दिवस म्हणाले, "मंगळवारी बघाच. आमच्या म्हाताऱ्याचा माड आहे, मी चढणार."

आमच्या घरात आजोबांची एक पद्धत होती. माड दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर देणाऱ्यानं पहिल्या दिवशी पुढे चढायचं. कुठे पाय ठेवायचा, कुठे नाही, ते दाखवायचं. खोडाला खाचा असतात, पण वर शेंड्याजवळ खोड गुळगुळीत. तिथे सुंभानं एक लाकडी खुंटी बांधलेली होती. शेवटचं पाऊल त्या खुंटीवर.

त्या खुंटीचं सुंभ कुजलं होतं.

बाबांना माहीत होतं. दोन महिने ते खुंटीला पायच लावत नव्हते. बाजूनं गुडघा टेकवून वर जायचे. आज बांधू, उद्या बांधू करत राहिलं होतं.

मंगळवारी काका माडाखाली उभे राहिले. कमरेला कोयती, हातात करवंटी. सभाघरातून मंडळी बघत होती, शंभरएक पावलांवरून.

काका म्हणाले, "तेऊआ, तू पुढे हो. नाहीतर सांग तरी. माड काय म्हणतो?"

बाबा म्हणाले, "काय म्हणणार? माड तुझा आहे, दादा. चढ."

एवढंच.

काकांनी मरावं असं बाबांच्या मनात नव्हतं. हे मी त्यांची मुलगी म्हणून सांगत नाही, मला खरंच तसं वाटतं. त्यांना एवढंच हवं होतं की खुंटी हलावी, काकांनी गळाला लागलेल्या माशासारखं लोंबकळावं आणि सगळ्यांनी पोट धरून हसावं. एकदाच. मग ते स्वतः वर जाऊन भावाला उतरवणार होते.

काका गात गात चढले. माडावरच्या माणसानं गायचंच असतं, म्हणजे खालच्यांना कळतं वर कुणीतरी आहे. लहानपणी दोघे भाऊ दोन माडांवरून एकच गाणं गायचे. थोरला विचारायचा, धाकटा सांगायचा.

"वारा सुटला पूर्वेचा, पोय कुणाची वाकली…?"

काकांनी वरून विचारलं. पुढची ओळ बाबांची होती.

"पोय माझ्या भावाची, करवंटी त्यानं राखली."

बाबांनी ती गायली नाही. ते खुंटीकडे बघत होते.

काका थांबले. खाली बघितलं. वाट पाहिली.

मग शेवटचं पाऊल टाकलं.

बाबा सगळ्यांत आधी पोचले. काका उताणे पडले होते. शेजारी खुंटी, तिला कुजक्या सुंभाचा तुकडा. बाबांनी ती उचलली आणि लुंगीच्या घडीत खोचली. काका डोळे उघडे ठेवून सगळं बघत होते. ती खुंटी, ते सुंभ, भावाचा हात.

मंडळी धावत आली. "काय झालं? कसा पडलास?"

काका म्हणाले, "हात सुटला. शिड्यांची सवय… हात मऊ पडलेत."

आणि बाबा म्हणाले, "हो. सवय राहिली नव्हती त्याला."

विमान यायला चार दिवस होते. काका तीनच दिवस जगले. त्या तीन दिवसांत बाबांकडे त्यांनी दोनदा पाणी मागितलं. दुसरं काही नाही.

खुंटी बाबांनी त्याच संध्याकाळी चुलीत घातली. वर लाकडं रचली. आईनं विचारलं, "एवढा जाळ कशाला?" तर म्हणाले, पाणी तापवायचंय.

काका गेले, आणि गावाला एक म्हण मिळाली. कुणाचा पाय घसरला, कुणाच्या हातून भांडं पडलं, की लोक म्हणायचे, "काय रे, मिकाएरे झालास का?" वाईट मनानं नाही. जिभेला सवय लागते. एकवीस वर्षं वादळांत जहाजं हाकलेला माणूस, आणि त्याच्या नावाचा अर्थ आमच्या गावात झाला 'धांदरट'.

बाबांनी एका वाक्यात ते थांबवलं असतं. सभाघरात उभं राहायचं आणि म्हणायचं, खुंटी कुजली होती, मला माहीत होतं.

तेवढं एक वाक्य.

अकरा दिवसांनी पहिल्यांदा गाणं आलं.

मधल्या माडावर कुणी चढत नव्हतं. खालून बघितलं तर वर कुणीही नव्हतं. झावळ्या हलत होत्या तेवढ्याच. आणि त्यांच्यातून…

"वारा सुटला पूर्वेचा, पोय कुणाची वाकली…?"

मग शांतता.

मी अंगणात होते. म्हटलं, "बाबा, काका गातायत."

बाबांच्या हातातला नारळ तसाच राहिला. ते वर बघेनात. माझ्याकडेही बघेनात.

आई चुलीपाशी होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. "काय बडबडतेस गं, भात वाढ," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे घराच्या कोपऱ्यातल्या खांबाला करवंटी लटकत होती.

काठोकाठ भरलेली. ताजी नीरा, फेससुद्धा बसला नव्हता.

आईला वाटलं शेजाऱ्यानं ठेवली. शेजाऱ्याला वाटलं बाबांनीच मधला माड पुन्हा धरला. कुणी कुणाला विचारलं नाही. मी प्याले. इतकी गोड नीरा मी आजवर प्याले नव्हते.

बाबांनी तोंडाला लावली नाही.

रोज संध्याकाळी तो प्रश्न. रोज उत्तरासाठी तेच थांबणं. रोज पहाटे भरलेली करवंटी.

काहीही वाईट होत नव्हतं हो! हेच बाबांना सोसत नव्हतं. ताप यावा, घर जळावं, मासे लागू नयेत, तर माणूस म्हणेल, घेतला एकदाचा सूड, झालं. इथे उलट मी बाळसं धरत होते. भाऊ मेल्यावरही घरचं दूधपाणी बघत होता.

बाबा वाळत गेले. संध्याकाळ झाली की कानात बोटं घालून आतल्या चटईवर पडायचे. आई चिडायची, "असं काय करता लहान पोरासारखं?"

वर्ष होत आलं तेव्हा एका संध्याकाळी ते उठले आणि मधल्या माडाकडे चालू लागले. मी मागोमाग.

"तू इथेच थांब," म्हणाले.

गाणं सुरू होतं. बाबांनी पहिल्या खाचेत पाय ठेवला… आणि ते थांबलं.

बाबा चढत गेले. एक खाच. दुसरी. वरून काहीच आवाज नाही. वारासुद्धा पडला होता.

शेंड्याजवळ आल्यावर त्यांनी सवयीनं गुडघा बाजूला टेकवायला घेतला. गुडघा घसरला. खोड ओलं होतं. पाय हवेत गेला, खाली आला…

आणि कशावर तरी टेकला.

खुंटी होती.

घट्ट बांधलेली. वादळानं ओढली तरी हलायची नाही अशी. सुंभ नवंकोरं, पिवळं. गाठ दोन वळशांची, मग एक उलटा.

आणि खुंटी एका बाजूनं जळलेली होती.

बाबा तिथेच माडाला मिठी मारून राहिले. किती वेळ, देव जाणे. खालून मला त्यांची पाठ हलताना दिसत होती. ते रडत होते हे मला कळलं, पण मोठी माणसं माडावर रडतात हे मला माहीत नव्हतं. शेंड्यात दुसरं कुणीही नव्हतं. फक्त एक पोय होती, वाकवून बांधलेली, ताज्या कापाची. थेंब थेंब करवंटीत पडत होता.

खाली उतरले ते तडक सभाघराकडे गेले. मला म्हणाले, "चल. तू ऐकायला हवंस."

सगळे बसले होते. बाबांची जागा पुन्हा पुढची झाली होती, काकांची. ते तिथे गेले, पण बसले नाहीत. तोंड उघडलं.

सगळे बघायला लागले. आमच्याकडे उभं राहून बोलणं म्हणजे मोठी गोष्ट.

बाबांचे गुडघे सोललेले होते, रक्त आलं होतं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "काय तेऊआ, माडावरून घसरलास? मिकाएरे झालास की काय?"

सभाघर हसलं.

बाबा उभे होते. मी त्यांचा हात धरला होता. 

आणि मग बाबाही हसले.

म्हणाले, "वय झालं रे," आणि बसले. पुढच्या चटईवर.

जनाची नाही तरी मनाची लाज असते माणसाला. ती बाबांनी पुढे अकरा वर्षं एकट्यानं भोगली. सगळं सांगितलं ते शेवटच्या आजारपणात, मला एकटीला. मी म्हटलं, "मी सांगू का सभाघरात?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मी गेल्यावर," म्हणाले. "माझ्यादेखत नको."

बाबा गेले त्या संध्याकाळी मी मुद्दाम अंगणात बसले. वाटलं, आज तरी दुसरी ओळ येईल. आता दोघे एकाच ठिकाणी आहेत.

"वारा सुटला पूर्वेचा, पोय कुणाची वाकली…?"

मी माडाकडे कान लावून बसले.

काहीच आलं नाही.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी सभाघरात गेले, शंभरदा गेले. एकदाही बोलले नाही. माझ्या मुलांना उद्या शाळेत काय ऐकावं लागेल, बाबांच्या कबरीकडे लोक कसे बघतील, असली कारणं रोज सापडतात. जमलं ते एवढंच, इथे लिहिणं, जिथे आमच्या गावाचं कुणी वाचत नाही.

आणि गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते. नवरा छपरावर झावळ्या बसवत होता. शिडी सरकली, तो धपकन वाळूत बसला. लागलं काही नाही. शेजारणी जमल्या, सगळ्या हसायला लागल्या, आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अगं बाई, मिकाएरे झाला!"

कोण म्हणालं ते कळायला मला एक क्षण लागला.

मीच म्हणाले होते.

त्या संध्याकाळी माडावरून गाणं आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी अंधार पडेपर्यंत अंगणात उभी होते. वाटलं, संपलं. आता करवंटीही येणार नाही. खरं सांगते, बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं रागावलं माझ्यावर.

पहाटे उठून दार उघडलं.

खांबाला करवंटी होती. काठोकाठ भरलेली.

मुलं उठायच्या आत मी ती उतरवली. ओतून द्यायची म्हणून माडापर्यंत गेलेही. हात होईना.

तिथेच उभ्या उभ्या प्याले. गोडच होती.