बाजूच्या सीटवरचा कप

रुबेन मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी गाडीखाली उताणी पडून एका नटाशी झटत होते. डोळ्यांत गंज, तोंडात वाळू आणि ओठांवर शिवी. रुबेन दिसला म्हणजे काय, त्याचे बूट दिसले.

"गाडी विकायची आहे ना? पाटी वाचली."

"पाटी बाबांनी लावलीय. मला नाही विकायची."

"मग बोलणी कुणाशी करू? बाबांशी, की... या पायांशी?"

मी सरपटत बाहेर आले. उन्हानं रापलेला चेहरा, गालावर मधमाशी चावल्याची ताजी सूज, आणि त्या सुजेसकट तो मजेत हसत होता. मला रागच आला. इतकं छान हसायचं काही कारण नव्हतं.

ही गाडी म्हणजे आमचं चालतं घर. चुली-पलंगासकट. मी लहानाची मोठी झाले ती यातच. दर हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या या वाळवंटात आमच्यासारखी शेकडो मोटरहोम येऊन उभी राहतात, आणि मी त्यांच्या सीटांना नवी कव्हरं, खिडक्यांना पडदे शिवून देते. माझं मशीनही गाडीतच. गाडी इतकी जुनी की तिच्यात कप ठेवायला खाच नाही. म्हणून आमच्या घरचा कायदा असा, की चालवणाऱ्याचा कप बाजूच्यानं सांभाळायचा. बाबांचा कप आईनं तीस वर्षं सांभाळला. मग एक दिवस ती म्हणाली, "ऑर्विल, मला आता न हलणारं घर पाहिजे." मावशीच्या शेजारी घर घेऊन तिनं टोमॅटोसुद्धा लावले. आता बाबाही तिकडेच निघाले होते.

"आणि तुम्ही?" रुबेननं विचारलं.

"मी गाडीतच राहणार. पण बाबा म्हणतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मेलेत. शेजारून ट्रक गेला तरी गाडी अर्धा रस्ता डुलते. एकट्या पोरीला या डुगडुगीत सोडणार नाही म्हणे."

म्हणून बाबांची नि माझी पैज लागली होती. चारही शॉक मी स्वतः बदलायचे. मग बाबांना बाजूला बसवून खाणीच्या रस्त्यावरून न्यायचं. तो कच्चा रस्ता म्हणजे आडवा टाकलेला नालीदार पत्राच! बाबांच्या हातात काठोकाठ भरलेला कप. कॉफी त्यांच्या गुडघ्यावर सांडली तर गाडी विकायची.

"म्हणजे सांडली तर गाडी मला," रुबेन म्हणाला.

"सांडणार नाही."

"एवढा तोरा?"

"तोरा नाही, खात्री."

"मग तो नट का सुटत नाहीये?"

नट फिरवला की आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरायचा. एकानं वर पाना धरून ठेवायचा आणि दुसऱ्यानं खालून पिळायचं, असं ते काम. आणि मदत मागायची तर माझ्या जिवावर येतं... रुबेननं विचारलंच नाही. टोपी काढली आणि सरळ गाडीखाली शिरला.

पहिला नट करकरत सुटला तेव्हा गंजाचा पाऊस आमच्या तोंडावर पडला. दोघांचेही हात गुंतलेले. त्यानं कोपर पुढे करून माझ्या चष्म्यावरची धूळ पुसली.

"आता दिसतंय?"

"दिसतंय... गालाला औषध लाव काहीतरी."

तेवढ्यात बाहेर खरंच पावसाची सर आली. तापलेल्या झुडपांचा कडवट, ओला वास गाडीखाली शिरला. पाऊस थांबेपर्यंत पडून राहायला आम्हाला कारण मिळालं, आणि पाऊस थांबल्यावर उठायचं कुणाला आठवलंच नाही.

त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. बदामाच्या बागा फुलल्या की पेट्या ट्रकवर घालून तो कॅलिफोर्नियाला जायचा आणि फुलोरा संपेपर्यंत ट्रकच्या सीटवर मुटकुळं करून झोपायचा.

"तुला घराची इतकी गरज आहे," मी म्हणाले, "मग मला मदत का करतोयस? शॉक नीट बसले तर गाडी तुझ्या हातून जाईल."

"गाडी हवीच आहे मला. पण तू हरलीस म्हणून मिळालेली नको."

छातीत काहीतरी हललं. तिथे बसवायला शॉक नव्हता माझ्याकडे.

नवे शॉक दाबून, पट्ट्यानं आवळून आलेले असतात. आधी जागेवर धरायचे, मगच पट्टा कापायचा. मी हे सांगेपर्यंत साहेबांनी "माहितीये!" म्हणून पट्टा कापलाही. शॉक सावकाश, मिजाशीत हात-दीड हात लांब झाला आणि जागेत मावेना.

"घाई!" मी ओरडले.

"घाई..." तो कानापर्यंत लाल झाला.

शॉक फळीवर उभा धरून दोघांनी अंगाचा भार टाकून तो दाबला, कपाळाला कपाळ लागेपर्यंत. मग सीटांना शिवायच्या माझ्या जाड पट्टीनं मीच त्याला आवळून बांधला. गाठ मारताना माझ्या बोटांना उगीचच वेळ लागला.

दुसऱ्या सकाळी बाबा कप घेऊन ऐटीत बाजूच्या सीटवर बसले. रुबेन मागे, मांडीत थर्मास घेऊन. डांबरी रस्ता संपायला आला, तेव्हा माझी नजर कपाकडे गेली. कप अर्धा रिकामा! बाबा खिडकीबाहेर बघत मिशी पुसत होते.

मी करकचून ब्रेक लावला. "बाबा, प्यायलात तुम्ही!"

"घसा कोरडा पडला होता, पोरी."

"मला जिंकवू नका. जिंकायचं ते मी जिंकेन. रुबेन, भर तो कप!"

कॉफी सांडली तर गाडी ज्याला मिळणार होती, त्यानंच ती ओतली. "पुरे?"

"अजून."

"कोरीन... काठावर आलीय."

"अजून!"

आणि मी गाडी खाणीच्या रस्त्यावर घातली. कपाटातल्या ताटल्या खुळखुळल्या, मशीनचं झाकण वाजायला लागलं. पण गाडी डुलली नाही. पत्र्यासारख्या त्या रस्त्यावर प्रत्येक उंचवटा चाकांनी गिळला आणि पोटातच ठेवला. स्टिअरिंगमधून ते माझ्या तळव्यांना कळत होतं. हे मी बसवलंय, माझ्या हातांनी!

खाणीच्या फाटकाशी मी थांबले. बाबा आपला कोरडा गुडघा चाचपत राहिले. मग म्हणाले, "नवी होती तेव्हाही अशी चालली नव्हती." बाबांना इतकं ताठ बसलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "लोकांना सांगेन मी. माझ्या पोरीनं केलंय म्हणून."

"निम्मं रुबेननं केलं," मी म्हणाले. असं कबूल करताना मला पहिल्यांदाच कमीपणा वाटला नाही.

बाबांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. सीटवरून उठले आणि भरलेला कप रुबेनच्या हातात दिला. "बस इथे. चालवणाऱ्याचा कप बाजूच्यानं सांभाळायचा असतो."

रुबेन बसला नाही. "चालवणारीला विचारतो आधी, सर." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बदाम फुलायला लागलेत. बागांमध्ये सीटांची कव्हरं कुणी शिवत नाही... पण फाटलेल्या सीटांचे ट्रक पुष्कळ येतात."

"घर नसलेला माणूस घरवालीला बोलावतोय?"

"आधी घरासाठी आलो होतो. आता घर नसलं तरी चालेल. तू पाहिजेस."

"बस," मी म्हणाले. "आणि ऐक, दोनदा सांगणार नाही. प्रेम बसलंय माझं तुझ्यावर."

तो बसला... आणि खाणीच्या रस्त्यानं ज्यातला थेंबही हलवला नव्हता, तो काठोकाठ कप उभ्या गाडीत त्याच्या गुडघ्यावर पालथा झाला.

"बघ बाई," मागून बाबा म्हणाले, "सांडली. आता विकायची का गाडी?"

"गुडघा तुमचा नाही, बाबा," म्हणत मी गाडी सुरू केली.