फुलांच्या गाडीतले लाटसाहेब

"अहो, तुमचं अस्वल माझ्या गाडीत जाऊन बसलंय!"

माझ्याशी तो बोलला ते हे पहिलं वाक्य. लोकांची प्रेमं कशी नजरेला नजर भिडून सुरू होतात… माझं हे असं.

"अस्वल नाही हो, कुत्रा आहे!" मी फूटपाथवरून धापा टाकत पळत आले. हातात नुसता पट्टा, पट्ट्याला कुणीच नाही. "लाटसाहेब, उतर! उतर म्हणते ना!"

लाटसाहेब ढिम्म. फुलांच्या दुकानासमोर एक पांढरी व्हॅन उभी होती, मागचं दार सताड उघडं होतं आणि आतून गारेगार हवा बाहेर येत होती. पांढऱ्या लिलीच्या बादल्यांच्या मधोमध साहेब ऐसपैस पसरले होते. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर परमानंद. उन्हाळा लागल्यापासून त्याला इतकं खूश मी पाहिलंच नव्हतं.

"चावतो का?" फुलवाल्याने विचारलं. दोन्ही मनगटांत बांगड्यांसारखे रबरबँड, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हसू आलं तरी ते दाबून धरायची खोड.

"चावत नाही. ऐकतही नाही."

तो मालाम्यूट आहे. हस्कीचा थोरला भाऊ म्हणा, आणि तोही चांगला खात्यापित्या घरचा. बर्फात घसरगाड्या ओढायला जन्माला आलेला प्राणी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होता, कारण आमच्या दादाला हौस फार. हौस त्याची, निस्तरायचं आम्ही. दादा लग्न करून जहाजावरच्या नोकरीला निघून गेला आणि लाटसाहेब आईच्या आणि माझ्या गळ्यात पडले. मग मीच त्यांच्या गळ्यात पडले, ते सोडा. पण उन्हाळ्यात तो दिवसभर न्हाणीघरातल्या फरशीवर पडून धापा टाकायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "याला वर डोंगरात कुणाकडे तरी ठेवा. पुढचा उन्हाळा हा इथे काढणार नाही."

वर डोंगरात माझी मावशी राहते. ती कुरकुरत का होईना, हो म्हणाली. म्हणून आज मी त्याला घेऊन निघाले होते. पोचवायला… कायमचं. ठरवलेला टॅक्सीवाला साहेबांना बघून म्हणाला, "फोनवर कुत्रा म्हणाला होतात," आणि गाडी वळवून चालता झाला. तेवढ्यात साहेबांनी गळपट्ट्यातून मान सोडवली आणि स्वतःपुरती गाडी शोधली.

"तुम्ही कुठे निघालात?" मी फुलवाल्याला विचारलं.

त्याने नेमकं मावशीच्याच गावाचं नाव घेतलं. मी चक्क उडीच मारली.

"वरच्या हॉटेलात लग्न आहे," तो म्हणाला. "माझी पहिली मोठी ऑर्डर. आजचा हॉल पसंत पडला, तर मॅनेजर दर आठवड्याला फुलं माझ्याकडूनच घेणार. म्हणून मला जरा घाई—"

"आम्हालाही न्या ना!"

माझा निर्लज्जपणा माझा मलाच कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लाटसाहेबांकडे. साहेबांनी एक जांभई दिली.

"तो काही उतरणार नाही," तो म्हणाला, "आणि तुम्ही त्याच्याशिवाय जाणार नाही. बसा मग पुढे."

फुलं आणि कुत्रा यांच्यामध्ये त्याने एक फळी ठोकून बसवली. व्हॅनच्या गार डब्याला पुढच्या बाजूला एक छोटी सरकती खिडकी होती. गाव मागे पडायच्या आत त्या खिडकीतून एक भलंमोठं राखाडी तोंड आमच्या दोघांच्या मधे आलं आणि त्याच्या खांद्यावर टेकलं. लाळेसकट.

"हे आता असंच राहणार का?" त्याने मान न हलवता विचारलं.

"त्याला माणूस आवडलं की तो असं करतो."

"आणि नाही आवडलं की?"

"माहीत नाही… सगळेच आवडतात त्याला."

"म्हणजे माझ्यात विशेष काही नाही."

"असं कुठे म्हटलं मी?" जीभ चावली मी, पण शब्द निसटला होता. खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्यातही माझे कान तापले. तो समोरच्या रस्त्याकडे बघून हसत होता, आणि आता ते हसू दाबायचंही विसरला होता.

घाट सुरू झाला. त्याने विचारलं म्हणून मी सांगितलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा बसवते, दांड्या सरळ करते. लाटसाहेब माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपतो. उद्यापासून माझे पाय मोकळे…

"रडताय?"

"डोळ्यात काहीतरी गेलंय."

"चष्मा असताना?"

मला रडता रडता हसू फुटलं. त्याने काही न बोलता गाडी कडेला घेतली आणि एका टपरीवरून दोन चहा आणले. लाटसाहेबांसाठी भांडंभर पाणीही आणलं. मला वाटतं, माझं काम तिथेच तमाम झालं.

आणि मग हॉटेलच्या मागच्या अंगणात त्याने गाडीचं दार उघडलं.

फळी आडवी पडली होती. उन्हाळ्यात लाटसाहेबांची आतली लोकर झडते. आमच्या घरी चहाच्या कपातसुद्धा केस निघायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. गाडी मिळाल्याच्या आनंदात मी ते साफ विसरले होते. आतल्या पंख्याने वाटभर ती लोकर उडवली होती. लिलीला लव फुटली होती. लाल गुलाबांना दाढी-मिश्या आल्या होत्या. बादल्यांच्या मधून साहेब शेपटी हलवत उतरले, आणि आणखी एक ढग उठला.

फुलवाला मटकन खालीच बसला. "गेलं," तो म्हणाला. "संपलं."

"काही संपलं नाही! उठा!" मी पर्स उपडी केली. काचा पुसायचा मऊ ब्रश आणि दाबला की फुस्सकन हवा सोडणारा रबरी फुगा माझ्याकडे कायम असतो. "फुगा तुम्ही घ्या. पाकळीच्या बुडाशी फुंका, मी वरून ब्रश मारते. बघत काय बसलात?"

साहेबांना झाडाला बांधलं आणि आम्ही दोघं बादल्यांना भिडलो. एकेक फूल, एकेक पाकळी. एकाच गुलाबावर दोन डोकी वाकलेली. त्याचा श्वास माझ्या हातावर येत होता. एकदा त्याने माझ्या चष्म्यावरचा केस बोटाने अलगद उचलला आणि हात मागे घ्यायला उगाच उशीर केला.

"तिकडचं नको, हे घे आधी," तो म्हणाला, आणि थबकला. "म्हणजे… घ्या."

"घे म्हटलंस तरी चालेल," मी म्हटलं.

हॉल वेळेवर सजला. संध्याकाळी मी लाटसाहेबांना मावशीच्या अंगणात सोडलं. मावशी म्हणाली, "हा माझ्या घरात पाऊल टाकणार नाही हं." साहेबांनी ऐकून घेतलं, फुलझाडांखालची गार माती उकरली, त्या खड्ड्यात अंग टाकलं आणि ते घोरायलाही लागले. माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. मी मात्र रात्रभर उशी भिजवली.

सकाळी ठरल्याप्रमाणे फुलवाला मला न्यायला आला. डोळे लाल, पण चेहरा उजळलेला.

"मिळाली ऑर्डर! दर गुरुवारी फुलं घेऊन यायचंय." मग बुटाकडे बघत, "पुढची सीट रिकामीच असते… तुला लाटसाहेबांना भेटायचं असेल तर."

"गुरुवारी? अय्या, गुरुवारी तर माझी सुट्टीच असते!"

माझी सुट्टी रविवारी असते. पण ते पुढचं पुढे बघता येईल, असा विचार मी केला. दुकानाच्या मालकीणबाईंचे पाय धरले, सुट्टी बदलून घेतली, आणि आमचे गुरुवार सुरू झाले.

काय गुरुवार होते ते! सकाळी मला मावशीकडे सोडून तो हॉटेलात जायचा, दुपारी परत यायचा, येताना मावशीसाठी उरलेली फुलं आणायचा. मावशी त्याच्यावर खूश. लाटसाहेब दिवसेंदिवस तुकतुकीत होत चालले होते. पाऊल न टाकणाऱ्या घरात ते आता मावशीच्या पलंगाखाली झोपत होते. वाटेत आम्ही दोघं जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचो. फक्त त्या एका विषयावर नाही. घाटातल्या शेवटच्या वळणावर तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "आज धुकं आहे, नाही?"

धुकं! माझा जीव इथे टांगणीला, आणि याला धुकं.

शेवटी मालकीणबाईंनीच बॉम्ब टाकला. नवीन मुलगी लागली होती, तिला गुरुवारच हवा होता. पुढच्या आठवड्यापासून माझी सुट्टी पुन्हा रविवारी. म्हणजे आजचा गुरुवार शेवटचा. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "कुत्रा रुळलाय इथे. तो काही तुझ्यावाचून अडत नाही. ज्याच्यासाठी येतेस त्याला सांग जा."

"मावशी!"

"मावशी काय मावशी? ऊठ."

मी लाटसाहेबांना पट्टा लावला आणि तरातरा हॉटेल गाठलं. तिथे काउंटरवर मोठा गुच्छ होता. मी हात लावला. प्लास्टिक! जिन्यावर प्लास्टिक, जेवणाच्या टेबलांवर प्लास्टिक.

"फुलवाले कुठे भेटतील?" मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

"खरी फुलं आम्ही केव्हाच बंद केली हो. उन्हाळ्यात एका लग्नात नवरीच्या हातातल्या फुलांतून कुत्र्याच्या केसांचा हा एवढा पुंजका निघाला. मॅनेजरनी त्याच रात्री फुलवाल्याला—" आणि त्यांची नजर काउंटरच्या पलीकडे, लाटसाहेबांवर गेली.

मी तिथे थांबलेच नाही.

त्याच रात्री! म्हणजे सकाळी तो लाल डोळ्यांनी "मिळाली" म्हणाला, तेव्हा ती गेलेली होती. माझ्यामुळे. मग हे सगळे गुरुवार… या गाडीभर फुलांचं हा करतो तरी काय?

लाटसाहेबांना बहुतेक उत्तराचा वास आधीच लागला होता. नाक वर करून त्यांनी अशी ओढ घेतली की मी त्यांच्यामागे अक्षरशः घसरत निघाले. शेवटी घसरगाडी मीच झाले. उतार, बाजार, दवाखाना, आणि बसस्टँड. तिथे कोपऱ्यात पांढरी व्हॅन उभी. पुढे बादल्या मांडून फुलवाला कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणत होता, "फुलं… ताजी फुलं…"

लाटसाहेब थेट त्याच्या अंगावर. दोन बादल्या आडव्या.

"तू? इथे?" त्याचा चेहरा पांढराफटक. "मी… हॉटेलचं काम जरा लवकर—"

"हॉटेलात प्लास्टिक आहे!" मी ओरडले. "खोटारड्या! माझ्यामुळे तुझी ऑर्डर गेली, आणि तू मला सांगितलंही नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू परत गाडीत बसली असतीस?"

मी आडवी पडलेली एक बादली उचलून उभी केली.

"खोटं एकदाच बोललो," तो खाली मान घालून म्हणाला. "मग ते निभवायला दर गुरुवारी घाट चढावा लागला."

"पण गुरुवारच का सांगितलास?"

"तोंडाला आला तो वार. का?"

"अरे देवा! माझी सुट्टी रविवारी असते! तुझ्या गुरुवारसाठी मी मालकीणबाईंच्या हातापाया पडले!"

मग आम्हाला जे हसू आलं… पोट धरून, बादल्यांना टेकून. काठी टेकत आलेले एक आजोबा केव्हाचे फुलांसाठी खोळंबले होते.

"पुढच्या आठवड्यापासून मला गुरुवारी येता येणार नाही," मी डोळे पुसत म्हटलं. "म्हणून आज सांगतेय. मी कुत्र्याला भेटायला येत नाही रे. म्हणजे येते, पण… मला तू आवडतोस. खूप. आता धुक्याचं नाव काढलंस ना, तर बघ."

त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"अहो, आधी तिला उत्तर द्या," आजोबा म्हणाले. "माझी फुलं थांबतील."

"मलाही तू आवडतेस!" तो इतक्या जोरात ओरडला की उभ्या बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कंडक्टरने शिट्टी मारली. लाटसाहेबांनी मान वर करून लांबलचक सूर लावला आणि आजोबांनी काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. मी त्याचा हात धरला, रबरबँडसकट.

"एवढा आवाज होता तर इतके दिवस फुलं का नाही खपली रे?"

"तेव्हा पोटात एकच वाक्य अडकलं होतं," तो म्हणाला. "दुसरं काही बाहेरच येईना."

त्या दिवशी बसमधल्या लोकांनी उतरून सगळ्या बादल्या रिकाम्या केल्या. मावशीला न्यायला एक फूलसुद्धा उरलं नाही.